जिन्हेच्या चेरीला जात विचारू नका

दक्षिण कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, बुसानपासून थोडं पश्चिमेला, जिन्हे नावाचं बंदर आहे. गावाच्या मधोमध जेह्वांगसान ही लहानशी टेकडी. वर जायला ३६५ पायऱ्या, वर्षाच्या एकेका दिवसाची एक. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी रुळावरून चढणारी छोटी गाडीही आहे. माथ्यावर नऊ मजली मनोरा उभा आहे. तो १९६७ साली बांधला आणि त्याला युद्धनौकेचा आकार दिला. पण त्याच्या आधी त्याच जागी दुसरा मनोरा होता. जपान्यांनी १९२९ मध्ये तो उभारला होता, १९०५ साली रशियन आरमाराचा धुव्वा उडवल्याची आठवण म्हणून. तोही जहाजासारखाच होता. परक्याचं जहाज पाडलं आणि त्याच जोत्यावर आपलं चढवलं!

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला हसू आलं. मग जिन्हेबद्दल जसजसं वाचत गेले, तसतसं लक्षात आलं की या गावाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा सगळा झगडा त्या टेकडीवर एका नजरेत दिसतो. शत्रूने बांधून दिलेलं गाव तुम्हाला मिळालं, ते उपयोगी आहे, सुंदरही आहे. आता त्याचं करायचं काय?

सध्या हा झगडा चेरीच्या झाडांवर येऊन ठेपलाय. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला जिन्हेत ‘गुनहांगजे’ भरतो. या शब्दाचा अर्थच ‘लष्करी बंदराचा उत्सव’. साडेतीन लाखांवर चेरीची झाडं एकदम फुलतात, देशभरातून माणसं लोटतात, नौदलाची बँडपथकं चौकाचौकांत वाजवतात, आणि एरवी बंद असलेल्या नौदल तळाचे आणि नौदल अकादमीचे दरवाजे सामान्य माणसाला उघडतात. या झाडांविषयी काही वर्षांपासून कोरियातल्या एका नागरी गटाचं म्हणणं असं: ही झाडं जपानी जातीची आहेत, ती हळूहळू काढून त्यांच्या जागी जेजू बेटावरची अस्सल कोरियन ‘राजचेरी’ लावा. मागणी करणारे कुणी माथेफिरू नाहीत. त्यांच्या दुखण्याला इतिहास आहे. पण उपाय मला पटत नाही. का पटत नाही, हे सांगायचं तर या बंदराची कुंडली आधी मांडावी लागेल.

जिन्हे हे नावसुद्धा त्या जागेचं नाही. मूळ जिन्हे नावाचा जुना परगणा खाडीच्या पलीकडच्या बाजूला, आजच्या जिंदोंगजवळ होता. इथे होतं उंगचन, तटबंदीचं एक जुनं गाव आणि आजूबाजूला कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या वस्त्या. पंधराव्या शतकात कोरियाच्या जोसन राजांनी जपानी व्यापाऱ्यांना तीन बंदरं उघडून दिली, त्यांतलं एक, जेपो, उंगचनजवळच. तिथे जपानी वस्ती वाढली, कुरबुरी वाढल्या आणि १५१० मध्ये तिथल्या जपान्यांनी उठाव केला. म्हणजे जपान्यांचं इथलं येणं-जाणं काही १९०५ साली सुरू झालं नाही. आधी ते गिऱ्हाईक होते, शेजारी होते, भांडखोर भाडेकरू होते.

मग १५९२ साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचं सैन्य उतरलं. या खाडीत यी सुन-शिन या दर्यासारंगाने काय केलं ते कोरियातलं शाळकरी पोरही घडाघडा सांगेल. हान्सान बेटाजवळ जपानी आरमार फोडल्यावर दोनच दिवसांत त्याने आंगोल्पोला दडून बसलेल्या जहाजांवर हल्ला चढवला. आंगोल्पो आज जिन्हेच्याच हद्दीत येतं. पुढे जपान्यांनी या किनाऱ्यावर दगडी किल्ले बांधले. उंगचनचा किल्ला कोनिशी युकिनागाचा. हा सरदार ख्रिस्ती होता, म्हणून त्याच्या सैनिकांसाठी १५९३ च्या अखेरीस ग्रेगोरिओ दे सेस्पेदेस हा स्पॅनिश जेझुइट पाद्री इथे आला. कोरियात पाऊल ठेवलेला, ज्याची नोंद आहे असा, हा पहिला युरोपीय. तो जपानला गेला होता आपल्या गोव्यामार्गे. आज जिन्हेत त्याच्या नावाने एक छोटी बाग आहे. जो माणूस आक्रमकांच्या फौजेबरोबर आला, त्याच्या नावाची बाग, आणि त्यावर कुणाची तक्रार नाही! हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता १९०५. रशिया आणि जपान यांच्यात कोरियावरूनच जुंपली होती. कोरियाच्या सम्राटाने जानेवारी १९०४ मध्ये तटस्थता जाहीर केली होती. ती कुणी विचारात घेतली नाही. ॲडमिरल तोगो हेइहाचिरोचं आरमार याच जिन्हेच्या खाडीत ठाण मांडून बसलं. अर्धी पृथ्वी वळसा घालून येणाऱ्या रशियाच्या बाल्टिक ताफ्याची वाट पाहत, तोफांचा सराव करत, महिनोन्‌महिने. २७ मेच्या पहाटे गस्तीच्या जहाजाने बिनतारी संदेश दिला, तोगोच्या ‘मिकासा’ या जहाजाने नांगर उचलला आणि टोकियोला तार गेली, तिचा शेवट असा: हवा स्वच्छ, पण लाटा उंच. पुढच्या दोन दिवसांत त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचं आरमार बुडालं. रशियाची चार हजारांवर माणसं गेली, जपानची ११७. आशियाने युरोपला हरवलं म्हणून आपल्याकडेही तेव्हा पेढे वाटल्यासारखा आनंद झाला होता. ज्या देशाच्या खाडीतून ते आरमार निघालं, त्या देशाचं काय होणार याचा विचार त्या आनंदात कुणी केला असेल असं वाटत नाही. सहा महिन्यांत कोरिया जपानचा संरक्षित प्रदेश झाला आणि १९१० मध्ये जपानने तो गिळलाच.

इथे एक आख्यायिका सांगायला हवी, कारण कोरियात ती फार चवीने सांगतात. विजयानंतर कुणीतरी तोगोची तुलना ब्रिटिश दर्यासारंग नेल्सन आणि यी सुन-शिन यांच्याशी केली, तेव्हा तो म्हणाला म्हणे, नेल्सनचं ठीक आहे, पण यी सुन-शिनपुढे मी कोण? या गोष्टीला भरवशाचा पुरावा नाही. मला तिची गोडी कळते आणि तिच्यातला केविलवाणेपणाही. आपल्या वीराच्या थोरवीला शत्रूच्या सेनापतीची साक्ष कशाला लागावी? चेरीच्या वादात मला हाच स्वभाव पुन्हा दिसतो, पण त्याकडे येतेच.

खाडी इतकी सोयीची, की जपानच्या नौदलाने तिथे कायमचा तळ बांधायचं ठरवलं. जमीन घेतली. ‘घेतली’ हा शब्द फार सभ्य झाला. किनाऱ्यालगतच्या सपाटीवर जी गावं होती ती उठवली आणि तिथल्या माणसांना ईशान्येला, क्यंगह्वा नावाच्या नव्याने आखलेल्या वस्तीत नेऊन बसवलं. मोकळ्या केलेल्या जागेवर नकाशा काढून नवं शहर आखलं: तीन मोठे गोल चौक, त्यांतल्या मधल्या जुंगवन चौकातून आठ दिशांना फुटलेले आठ रस्ते. हा आकार जपानी नौदलाच्या उगवत्या सूर्याच्या झेंड्यावरून घेतला, असं बरेच कोरियन म्हणतात. मला ते ओढूनताणून वाटतं. त्या काळात असे किरणांसारखे रस्ते आखायची हौस जगभरच्या नगररचनाकारांना होती. पण असं वाटणाऱ्यांना मी हसणार नाही. ज्यांचं घर त्या आखणीखाली गेलं, त्यांना त्या रस्त्यांत झेंडा दिसणारच.

जुंगवन चौकाच्या मधोमध एक झाड होतं. चौक आखायच्या आधीपासूनचं, शेकडो वर्षांचं. आपल्याकडे गावच्या पाराला वड असतो ना, तसं हे गावाचं झाड. जपानी नगररचनाकारांनी गाव उठवलं, पण झाड ठेवलं, आणि त्यालाच मध्य धरून आठ रस्ते काढले. हा तपशील मला फार छळतो. झाडाचं सौंदर्य कळण्याइतकी नजर होती. पारावर बसणारी माणसं दिसण्याइतकी नव्हती. कोरियन युद्धानंतरच्या काळात ते झाड वठून गेलं.

जपान्यांनी चेरी लावली ती या नव्या शहरात, रस्त्यांच्या कडेने, नौदलाच्या शोभेसाठी. १९१२ साली बांधलेलं टपाल कार्यालय आजही त्या चौकाशेजारी उभं आहे. बुटकं, लाकडी, रशियन धाटणीचं. मोठं बंदर मात्र योजलं तेवढं कधी झालं नाही. रशिया संपला होता, पैसे इतरत्र लागत होते. १९१६ पासून जिन्हे दुय्यम दर्जाचा नौदल तळ होऊन राहिलं.

१९४५ मध्ये जपान हरला आणि त्या सगळ्याचा वारस झाला स्वतंत्र कोरियाचं नौदल. आणि या नौदलाकडे होतं काय? जवळजवळ काहीच नाही. सोन वन-इल या माणसाने नोव्हेंबर १९४५ मध्ये किनारा राखायला स्वयंसेवकांची संघटना काढली, जानेवारी १९४६ मध्ये जिन्हेत अधिकाऱ्यांची शाळा सुरू झाली. १९४९ च्या एप्रिलमध्ये इथल्याच धावपट्टीवर ३८० माणसांनिशी सागरी सैनिकांचं दल उभं राहिलं. पण लढाऊ जहाज एकही नाही. म्हणून नौसैनिकांनी पगारातून दरमहा पैसे कापून दिले, त्यांच्या बायकांनी शिवणकाम करून भर घातली. त्या पैशांतून अमेरिकेत एक मोडीत निघायच्या बेतातलं पाणबुडीविरोधी गस्ती जहाज मिळालं. नाव ठेवलं ‘बेकदुसान’. हवाईत त्याच्यावर तीन इंची तोफ बसवली आणि पुढे ग्वाममध्ये परवडले तेवढे गोळे घेतले: शंभर. १० एप्रिल १९५० ला ते जिन्हेला लागलं. २५ जूनला उत्तर कोरियाने हल्ला केला, आणि त्याच रात्री बुसानच्या पूर्वेला या जहाजाने एका आगबोटीला गाठलं. आत सुमारे सहाशे उत्तर कोरियन सैनिक होते, बुसानला उतरायला निघालेले. पहाटेपर्यंत ती आगबोट बुडाली. बुसानला तेव्हा बचावाला फार कुणी नव्हतं. ते पडलं असतं तर पुढे अमेरिकन फौज कुठे उतरली असती, हा प्रश्न कोरियन इतिहासकार आजही विचारतात.

युद्ध चालू असतानाच, १३ एप्रिल १९५२ रोजी जिन्हेच्या बुकवन चौकात यी सुन-शिनचा देशातला पहिला पुतळा उभा राहिला. सोलच्या मुख्य रस्त्यावरचा प्रसिद्ध पुतळा त्याच्यानंतर सोळा वर्षांनी आला. या पुतळ्यापुढे दरवर्षी होणाऱ्या मानवंदनेतूनच १९६३ मध्ये गुनहांगजे हा उत्सव सुरू झाला. म्हणजे उत्सव मुळात फुलांचा नाही, जपानला हरवणाऱ्या सेनापतीचा. फुलं मागून आली.

फुलांची गोष्ट तर फारच वळणांची. स्वातंत्र्यानंतर जिन्हेच्या लोकांनी जपानी चेरीवर कुऱ्हाड चालवली. जळाऊ लाकूड म्हणूनही पुष्कळ झाडं गेली. मग १९६२ च्या सुमारास कोरियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की ही चेरी मुळात जेजू बेटावर रानात उगवते. फ्रेंच पाद्री एमिल ताके याने १९०८ मध्येच तिथून तिचा नमुना गोळा केला होता. झालं! झाड ‘आपलं’ निघालं. मग ते लावायला हरकत उरली नाही आणि जिन्हेत पुन्हा धडाक्याने लागवड झाली. पण रोपं आली कुठून? जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन मंडळींनी मायेने पाठवलेली रोपंही त्यात होती, आणि ती अर्थातच तिथल्या रोपवाटिकांतली. २०१८ मध्ये कोरियातल्याच संशोधकांनी जेजूच्या राजचेरीचा जनुकसंच उलगडला आणि निष्कर्ष निघाला की ती आणि जपानची सोमेई-योशिनो या दोन वेगवेगळ्या. जिन्हेच्या रस्त्यांवर आहे ती बहुतेक दुसरी. झाड पुन्हा ‘त्यांचं’ झालं.

एकाच झाडाची अशी दोनदा जात बदलली, आणि प्रत्येक वेळी त्याचं नशीबही. या साठ-सत्तर वर्षांत झाडाने काही केलं नव्हतं, ते फुलत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: इतिहासाचं दुखणं वनस्पतिशास्त्राने बरं होत नाही. जपानने जिन्हेत जे केलं ते चेरी जपानी होती म्हणून वाईट नव्हतं, आणि उद्या सगळी झाडं जेजूची लावली तरी त्या उठवलेल्या गावांतलं एकही घर परत उभं राहणार नाही. उलट, झाडं बदलली की काम झाल्यासारखं वाटेल. आता काही उरलं नाही, हात झटका, फोटो काढा. मला ही भीती जास्त वाटते.

कुणी म्हणेल, प्रतीकांना किंमत नसते का? असते. सोलमधली जपानी गव्हर्नर-जनरलची प्रचंड इमारत १९९५ साली पाडायला घेतली, ते मला पूर्ण पटतं. ती इमारत राजवाड्याच्या पुढ्यात, त्याला झाकण्यासाठी मुद्दाम बांधली होती. ती उभी असेपर्यंत राजवाडा दिसतच नव्हता. टेकडीवरचा विजयस्तंभ पाडला तेही योग्यच. स्वतःच्या छातीवर दुसऱ्याच्या विजयाचा बिल्ला कोण लावून घेईल? पण चेरी काही झाकत नाही आणि कसली फुशारकीही मारत नाही.

आणि वंशच पाहायचा तर मग नौदलापासून सुरुवात करा. ज्या ‘बेकदुसान’चा कोरियाला एवढा अभिमान आहे ते अमेरिकन नौदलाने टाकून दिलेलं जहाज होतं. जिन्हेत आज कोरियाच्या पाणबुड्यांचं मुख्यालय आहे. त्यांची पहिली पाणबुडी ‘जांग बोगो’ नवव्या शतकातल्या कोरियन दर्यावर्दीच्या नावाची, पण जन्म जर्मनीतल्या कील गावचा. तिची चुलत भावंडं आपल्या मुंबईत आहेत: ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ याच जर्मन घराण्यातल्या, माझगाव गोदीत बांधलेल्या. (आपण चारवर थांबलो. कोरियाने त्याच नमुन्याच्या नऊ घेतल्या, त्यांतल्या आठ स्वतः बांधल्या, पुढे इंडोनेशियाला विकल्या आणि आता स्वतःच्या आराखड्याच्या मोठ्या पाणबुड्या पाण्यात सोडल्या. पण ते रडगाणं वेगळ्या लेखाचं.) ‘जांग बोगो’ला तिचं कूळ कुणी विचारत नाही. सेस्पेदेसलाही विचारलं नाही.

इथे माझ्याच युक्तिवादात एक भोक आहे, ते झाकत नाही. पाणबुडी रोख पैसे मोजून विकत घेतली. ‘बेकदुसान’साठी तर बायकांनी शिवणयंत्रं चालवली. जिन्हेचं बंदर असं कुणी विकत घेतलं नाही. ते लादलं गेलं. बरोबर. पण म्हणजे खरा फरक वस्तू कुठल्या देशाची यात नाहीच. फरक, तिची किंमत कुणी मोजली यात आहे. ‘बेकदुसान’ची किंमत मोजणारे कोण होते हे कोरियाला पाठ आहे. जिन्हेची किंमत मोजणारे कोण होते?

क्यंगह्वात गेलेली माणसं. १९४५ नंतर तरी ती परत आली का? नाही. जपानी नौदल गेलं आणि त्याच कुंपणाच्या आत कोरियन नौदल राहायला आलं. अमेरिकन नौदलाचंही छोटं ठाणं तिथे आहे. स्वतंत्र देशाला तळ हवाच होता आणि तयार तळ सोडून दुसरीकडे नव्याने बांधण्याइतकी त्याची ऐपत नव्हती. हे मला समजतं. पण याचा अर्थ असा की ज्यांचं गाव लष्करी बंदराने गिळलं त्यांना ते आपल्याच सरकारकडूनही मिळालं नाही. चेरीच्या जातीवर बोलणं सोपं जातं, कारण त्यात दोषी फक्त जपान असतो. जमिनीवर बोलायला लागलं की आपलंही नाव यादीत येतं.

मी गेले तेव्हा बहर ओसरत आला होता. सगळ्यात जास्त गर्दी होती ती क्यंगह्वा स्टेशनात. गाड्या आता तिथे थांबत नाहीत; रूळ आहेत, दुतर्फा चेरी आहे आणि फोटोसाठी उभा करून ठेवलेला आगगाडीचा डबा. भाड्याचा हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, नेसलेल्या दोन मुली रुळांवरून तोल सांभाळत चालत होत्या, तिसरी उलटी चालत त्यांचा व्हिडिओ घेत होती. पाकळ्या पडत होत्या, त्या पडायची वाट बघत सगळे मोबाइल वर धरून उभे. कोरियातली ही बहुधा सर्वाधिक फोटो काढली जाणारी चेरी. ती नेमकी विस्थापितांच्या वस्तीत आहे, हे सांगणारी पाटी मी दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन शोधली. माझ्या नजरेला पडली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सोमेई-योशिनो फार जगणारं झाड नाही. साठ-सत्तर वर्षांत ते थकतं. साठच्या दशकात लावलेली झाडं आज म्हातारी झाली आहेत आणि त्यांच्या जागी काहीतरी लावावं लागणारच आहे. तिथे जेजूची राजचेरी लावा, खुशाल लावा. रानातली वैविध्याची जात आहे, कीड-रोगाच्या दृष्टीनेही एकाच कलमाच्या झाडांवर सगळा भार नसलेला बरा. कारण सोमेई-योशिनोचं झाड बीपासून तसंच उगवत नाही. जगभरातली सगळी झाडं एकाच झाडाची कलमं आहेत. म्हणून तर जिन्हेत सगळी झाडं एकाच आठवड्यात फुलतात आणि एकाच वाऱ्याने झडतात. बियांतून वाढवलेली राजचेरी लावली तर ती आपापल्या सवडीने फुलेल, आणि मग उत्सवाची तारीख काढताना पालिकेची जी तारांबळ उडेल ती मला बघायला आवडेल. मुद्दा इतकाच की हे माळीकाम आहे. त्याला शुद्धीकरण म्हणू नका.

२०२१ मध्ये जिन्हेच्या जुन्या शहराचा भाग देशाच्या नोंदणीकृत वारसा यादीत आला. ती जुनी दुकानांची चाळवजा रांग, ते चौक आता जपले जाणार. उत्तम झालं. मग त्याच वारशात उठवलेल्या गावांची नावंही जपा. ती जुन्या जमीन-दस्तांत आणि क्यंगह्वातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात सापडतील, पण सापडतील ती आताच. नावं लावायला जागाही तयार आहे, जुंगवन चौकाच्या मध्यावर, जिथे ते गावाचं झाड होतं. सध्या तिथे मोकळं वर्तुळ आहे. उत्सवाच्या दिवसांत आठही रस्त्यांवरून गर्दी तिथेच येऊन मिळते आणि नौदलाचा बँड बरोबर त्या जागी उभा राहून वाजवतो.